लार्सन विरुद्ध स्पास्की (बेलग्रेड, १९७०)

डेन्मार्कचे ग्रँडमास्टर बेंट लार्सन आणि तत्कालीन विश्वविजेते बोरिस स्पास्की यांच्यातील हा बुद्धिबळाचा डाव १९७० साली बेलग्रेड येथे, सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग या सामन्याच्या दुसऱ्या फेरीत खेळला गेला. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या स्पास्कींनी तो अवघ्या १७ खेळ्यांत जिंकला.

पार्श्वभूमी

उर्वरित जगाच्या संघात पहिला पट लार्सन यांना मिळाला होता; बॉबी फिशर यांनी दुसऱ्या पटावर खेळण्यास मान्यता दिली. त्यामुळे या पटावरील प्रत्येक डावाकडे विशेष लक्ष होते.

डाव

लार्सन यांनी पहिल्याच खेळीत बी-३ हे प्यादे सरकवले. पटाचा मध्य प्याद्यांनी न व्यापता बगलेवरून, बी-२ वरील उंटाकरवी त्यावर दाब आणणे हा या प्रारंभाचा हेतू असतो. निम्झोविच आणि लार्सन यांच्या नावांनी तो ओळखला जातो. स्पास्कींनी ई-५ आणि पुढे ई-४ अशी प्याद्याची आगेकूच करून मध्य ताब्यात घेतला. पांढऱ्याचा घोडा तीन खेळ्या करून सी-६ वर मारामारीत खर्ची पडला. काळ्याचे उंट व वजीर मात्र मोकळे झाले आणि वजिराच्या बाजूस किल्लेकोटही झाला. पांढऱ्याचा दुसरा घोडा आणि ए-१ वरील हत्ती अखेरपर्यंत जागचे हललेच नाहीत.

दहाव्या खेळीतील एफ-४ ने पांढऱ्या राजाभोवतीची तटबंदी खिळखिळी केली. काळा घोडा जी-४ वर आला. तो मारण्यासाठी लार्सन यांनी एच-३ खेळताच स्पास्कींनी घोडा न हलवता एच-४ केले आणि घोड्याच्या मोबदल्यात जी-३ पर्यंत प्यादे पोहोचवले. जी-१ वर आलेला पांढरा हत्ती जी-२ वर येऊन ते अडवू शकला असता. म्हणून चौदाव्या खेळीत काळ्याने आपला हत्ती एच-१ वर बळी दिला. डावाची कीर्ती मुख्यतः या एका खेळीवर उभी आहे. तो मारताना पांढरा हत्ती जी-१ वरून हटला, प्यादे जी-२ वर पोहोचले आणि एच-४ वरून वजिराचा शह बसला. सतराव्या खेळीत प्याद्याने एफ-१ वरील हत्ती मारून वजीरपद मिळवताच लार्सन यांनी हार मानली. ते उंटाने मारले असते तर जी-४ वरील उंटाच्या शहानंतर मात अटळ होती.

नंतर

तिसऱ्या फेरीत लार्सन यांनी स्पास्कींना हरवून परतफेड केली. सामना मात्र सोव्हिएत संघाने २०½–१९½ असा निसटता जिंकला. या पराभवाने बी-३ ची सुरुवात त्याज्य ठरली, असा समज होणे स्वाभाविक असले तरी तो बरोबर नाही. त्याच वर्षी पाल्मा दे मायोर्का येथील आंतरक्षेत्रीय स्पर्धेत फिशर यांनी हीच पहिली खेळी करून व्लादिमिर तुकमाकोव यांना हरवले.