उल्हासनगर ते बदलापूर : फुटलेल्या सायलेन्सरचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी थांबलो होतो. तिथला शिलालेख शके 982चा, म्हणजे इ.स. 1060चा. आज त्याच परिसरातली एक अल्पायुषी वस्तू घेऊ : जुन्या मोटारीचा सायलेन्सर. हा काय इतिहासाचा विषय, असं कुणी म्हणेल. आम्हाला वाटतं, आहे.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिच्या बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी उल्हासनगरची पायाभरणी केली. अंबरनाथला दारूगोळ्याचा कारखाना होताच; पुढे तिथे आणि बदलापुरात औद्योगिक वसाहती आल्या. बदलापूर हे नाव घोडे बदलण्यावरून पडलं, असं लोक सांगतात. आम्ही ते छातीठोकपणे सांगणार नाही, पण वाहनांच्या गोष्टीत ते शोभतं खरं!

तर ही तिन्ही गावं रेल्वेच्या एका रुळावर ओवलेली. लांबचा प्रवास लोकलचा. घरची गाडी निघते ती स्टेशनपर्यंत, बाजारापर्यंत, फार तर शेजारच्या गावापर्यंत. आमच्या मते गंजाचं मूळ या छोट्या फेऱ्यांत आहे. रिक्षा दिवसभर तापलेली असते, तिचं गणित वेगळं.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. सायलेन्सर पुरेसा तापला तर ते वाफ होऊन निघून जातं. दोन किलोमीटरवर गाडी बंद केली तर ते डब्यातच थांबतं. त्यात इंधनातलं गंधक मिसळलं की आम्ल होतं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत चालायचं. एप्रिल 2020पासून ते दहा लाख भागांत 10 भागांवर आलं. जुन्या गाड्यांचा साध्या लोखंडी पत्र्याचा सायलेन्सर आधीच्या इंधनावर वाढलेला. बाहेरून रंग शाबूत आणि आतून चाळण, असं दिसतं ते यामुळे. 26 जुलै 2005च्या पुरात ज्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या त्यांचं तर विचारूच नका. काही डब्यांना खाली पाणी गळायला बारीक भोक असतं. तेही कुणीतरी ‘गळतंय’ म्हणून झाळून टाकतो!

दुरुस्तीत पहिलं काम ठोकून बघण्याचं. चांगला पत्रा टणकन वाजतो, कुजलेला भद्द आवाज करतो. पुढच्या सांध्याचे नट गंजून एकजीव झालेले असतात. तिथे जोर लावला तर स्टड तुटतो आणि शंभराचं काम हजारात जातं. जाणता मिस्त्री आधी तेल सोडतो, मग नट लाल होईपर्यंत तापवतो, मग फिरवतो. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढतो, पेट्रोलची टाकी आणि नळी कुठून जाते ते बघतो. एम-सीलचं ठिगळ म्हणजे पीयूसीपुरती मलमपट्टी. कुजक्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, बाजूला नवं भोक पडतं. म्हणून चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं, नवा पाइप बसवायचा आणि सांधा सगळीकडून भरून घ्यायचा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तेवढा वापरू नये; त्याच्या धुराने वेल्डरला ताप भरतो.

मग एवढं बदलल्यावर गाडी तीच राहते का? नागसेनाने मिलिंद राजाला रथाबद्दल हेच विचारलं होतं : आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का? आपल्या कायद्याने उत्तर सोपं करून ठेवलंय. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर जुळले की गाडी तीच. 1988च्या कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते. तोवर सायलेन्सर कितीदा बदलला याची नोंद कुठेच नसते.

मात्र भोक कुठे पडलंय, याला महत्त्व आहे. मागच्या डब्याला पडलं तर मुख्यतः आवाज वाढतो, शेजारी वैतागतात. इंजिनजवळ किंवा गाडीच्या तळाखाली पडलं तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. त्याला ना रंग ना वास. पावसात काचा बंद, मागे मुलं झोपलेली, आणि डोकं दुखतं ते दमल्यामुळे असं आपण समजतो. खिशात पैसे थोडे असतील तर आवाज करणारा मागचा डबा राहू द्या, आधी पुढचा सांधा करून घ्या.