टर्बोचार्जरपासून बनविलेले वायू टरबाइन

मोटारगाडीच्या वा मालमोटारीच्या एंजिनावरील टर्बोचार्जरला ज्वलन कोठी जोडून तयार केलेले लहान वायू टरबाइन. टर्बोचार्जरमध्ये एकाच दंडाच्या एका टोकास केंद्रोत्सारी संपीडकाचे व दुसऱ्या टोकास टरबाइनाचे चक्र असते. एंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू टरबाइन फिरवितात आणि संपीडक एंजिनाला दाबाखालील हवा पुरवितो. या दोहोंमध्ये पश्चाग्र एंजिनाऐवजी ज्वलन कोठी घातली की, वायू टरबाइनाचे तीनही मुख्य घटक पूर्ण होतात. हौशी यंत्रकारांनी घरगुती कार्यशाळांत अशी एंजिने बनविली आहेत. त्यांची रचना सोपी दिसते. तथापि ती शक्य होण्यापूर्वी वायू टरबाइनाला दीर्घकाळ अपयश सोसावे लागले होते.

मूळ अडचण : टरबाइनाने निर्माण केलेल्या शक्तीचा मोठा भाग त्याच्याच संपीडकाला द्यावा लागतो. उरेल तेवढीच शक्ती उपयोगाची असते आणि काहीच उरले नाही, तर एंजिन स्वतःच्या बळावर फिरू शकत नाही. १५° से. तापमानाची हवा आदर्श रीतीने दुप्पट दाबापर्यंत दाबल्यास तिचे तापमान सु. ६३° ने वाढते. संपीडकाची कार्यक्षमता ७५% असल्यास ही वाढ सु. ८४° व ६०% असल्यास सु. १०५° होते. ही जादा उष्णता म्हणजे संपीडकाने खाल्लेले जादा कार्य होय. टरबाइनाची कार्यक्षमताही कमी असेल, तर तूट भरून काढण्यास वायूंचे तापमान वाढविणे एवढाच उपाय उरतो आणि त्याला पात्यांच्या धातूची मर्यादा पडते.

इतिहास : इंग्लंडमध्ये जॉन बार्बर यांनी १७९१ मध्ये वायू टरबाइनाचे एकस्व (पेटंट) घेतले होते, परंतु ते प्रत्यक्षात उतरले नाही. नॉर्वेचे एगिडियस एलिंग (१८६१–१९४९) यांनी १९०३ मध्ये संपीडकाची गरज भागवून सु. ११ अश्वशक्ती शिल्लक ठेवणारे यंत्र चालवून दाखविले. फ्रान्समध्ये आर्मांगो व लमाल यांनी १९०६ च्या सुमारास बहुटप्पी संपीडक वापरून मोठे यंत्र चालविले. त्याची कार्यक्षमता मात्र सु. ३ टक्केच भरली.

अमेरिकेत सॅनफर्ड मॉस (१८७२–१९४६) यांनी कॉर्नेल विद्यापीठात याच विषयावर संशोधन केले. त्यांचे टरबाइन फिरले, पण संपीडकाला पुरेल एवढी शक्ती त्यातून मिळाली नाही. पुढे जनरल इलेक्ट्रिक कंपनीत हेच ज्ञान वेगळ्या कामी आले. स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये निष्कास वायूंवर चालणाऱ्या संपीडकाच्या कल्पनेचे एकस्व घेतले होते आणि फ्रान्समध्ये ओग्युस्त रातो यांनी विमानांसाठी तसे यंत्र तयार केले होते. मॉस यांनी १९१८ मध्ये पाइक्स पीक या सु. ४,३०० मी. उंचीच्या शिखरावर लिबर्टी एंजिनाची चाचणी घेतली. विरळ हवेत २३० अश्वशक्तीपर्यंत घसरलेले हे एंजिन टर्बोचार्जरमुळे ३५६ अश्वशक्ती देऊ लागले. येथे तप्त वायू एंजिनाकडून आयते मिळत असल्याने टरबाइनाला स्वतःचा निर्वाह करावा लागत नव्हता.

निर्वाहाचा मूळ प्रश्न १९३० नंतरच्या दशकात सुटला. जर्मनीत हान्स फोन ओहाइन (१९११–९८) यांनी माक्स हान या यंत्रकारागिराकडून गटिंगेन येथील मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात एक प्रतिकृती बनवून घेतली. तिच्यात इंधन कोठीत पूर्ण न जळता टरबाइनात जळत राही व ज्वाळा बाहेर पडत. ती स्वतःच्या बळावर चालली नाही. म्हणून १९३७ मध्ये हाइन्केल कंपनीत त्यांनी आधी हायड्रोजनावर चालणारे एंजिन यशस्वी केले व द्रव इंधनाचा प्रश्न नंतर हाताळला. इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटल (१९०७–९६) यांचे एंजिन १२ एप्रिल १९३७ रोजी प्रथम चालले. पण इंधन बंद केल्यावरही कोठीत साचलेल्या इंधनामुळे त्याचा वेग वाढतच गेला. १९४१ मध्ये व्हिटल यांच्या एंजिनाची अमेरिकन आवृत्ती बनविण्याचे काम जनरल इलेक्ट्रिककडे आले, त्यामागे टर्बोचार्जरचा अनुभव हे प्रमुख कारण होते.

घरगुती बांधणी : जर्मनीत कुर्ट श्रेक्लिंग यांनी १९९० च्या सुमारास प्रतिकृती–विमानांसाठी स्वतः घडविलेले झोत एंजिन यशस्वी केले, त्यातील संपीडकाचे चक्र प्लायवुडचे होते. पुढील रचनांत टर्बोचार्जरची तयार संपीडक चक्रे आली. ‘केजे–६६’ या प्रसिद्ध रचनेच्या नावातील आकडा चक्राचा मिमी.मधील व्यास दर्शवितो. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण टर्बोचार्जर तसाच ठेवून त्याच्या बाहेर ज्वलन कोठी जोडतात. अगंज पोलादाच्या बाह्य नळीत छिद्रे पाडलेली ज्वालानलिका बसवितात. पुढच्या छिद्रांतील हवा ज्वलनास लागते, मागच्या छिद्रांतील हवा ज्वलन पूर्ण करून वायूंचे तापमान टरबाइनाला सोसेल इतके उतरविते. ज्वालानलिका आखूड पडल्यास ओहाइन यांच्याप्रमाणेच ज्वाळा टरबाइनात शिरतात. बहुतेक जण प्रथम प्रोपेन वायू वापरतात, कारण त्याचे फवारे करावे लागत नाहीत.

चाचणी : मूळ एंजिन नसल्यामुळे धारव्यांना वंगण तेल पुरविण्यासाठी वेगळा पंप लागतो. प्रथम तेलाचा दाब निश्चित करून बाहेरील पंख्याने हवा सोडतात, ठिणगी पाडतात व मग इंधन उघडतात. पंखा काढल्यावरही वेग टिकला, म्हणजे एंजिन स्वयंनिर्वाही झाले. तेलाचा दाब, संपीडित हवेचा दाब, निष्कास तापमान आणि वेग यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. मोटारगाडीच्या टर्बोचार्जरचा दंड मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. चक्र फुटल्यास तुकडे गोळीप्रमाणे उडतात. म्हणून चक्राच्या प्रतलात कोणी उभे राहू नये. पेटण्याचा प्रयत्न फसल्यास साचलेले इंधन हवेने पूर्ण घालविल्याशिवाय पुन्हा ठिणगी देणे धोक्याचे असते. एंजिन थांबल्यावरही काही वेळ तेल चालू ठेवतात. अन्यथा टरबाइनाच्या उष्णतेने ते धारव्यात जळून कोळशासारखे घट्ट होते.

अशा एंजिनाचा इंधनखर्च मिळणाऱ्या शक्तीच्या मानाने फार असतो, त्यामुळे त्याला व्यावहारिक महत्त्व थोडे आहे. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र ते मोलाचे आहे. मॉस यांना जी शिल्लक मिळाली नाही ती आज घरगुती कार्यशाळेत मिळते, याचे श्रेय कल्पनेच्या नावीन्याला नसून संपीडक व टरबाइन यांच्या वाढलेल्या कार्यक्षमतेला आणि निकेलाच्या उष्णतारोधी मिश्रधातूंना आहे.