लेकीचा लेक गादीवर

आपला आर्वीचा मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्या घराण्याची ही गोष्ट.

१८१८ मध्ये इंग्रजांनी अप्पासाहेब भोसल्यांना गादीवरून काढलं. मग वारस कोण? दुसऱ्या रघुजीराजांच्या लेकीला मुलगा होता. त्यालाच भोसले घराण्यात दत्तक घेतलं आणि तिसरे रघुजी म्हणून गादीवर बसवलं. राजा लहान, म्हणून दुसऱ्या रघुजींच्या विधवा राणी बाकाबाई त्याच्या पालक झाल्या. लेकीच्या लेकानं घराणं पुढे चाललं.

१८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले. त्यांनाही मुलगा नव्हता. पण या वेळी गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तक वारस मानला नाही. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. रीत जुनीच होती, सरकारची मान्यता तेवढी गेली.

आपल्याजवळ राज्य नाही, दोन-चार एकर वावर आहे. हिंदू वारसा कायद्यानं २००५ पासून वडिलोपार्जित वावरात लेकीचा हक्क लेकाइतकाच आहे. तरी हक्कसोड पत्रावर सही करताना किती जणी ते वाचतात? घरच्यांनी तोंडी लेक मानून भागत नाही, कागदावर नाव लागतं. गटाच्या पुढच्या बैठकीला सातबारा घेऊन या. सगळ्या मिळून वाचू.