समच्छेद आणि शून्याचा छेद

नव्या मुंबईंतील आमच्या वर्गांत परवां एका विद्यार्थ्यानें फळ्यावर एक समीकरण सोडविलें. डावीकडे ‘क्ष’ हा अंश, उजवीकडे ३ हा अंश, आणि दोहोंकडे छेद एकच : क्ष उणे ३. दोन्ही बाजूंस छेदानें गुणून त्यानें क्ष बरोबर ३ असें उत्तर काढलें. कृति रीतीप्रमाणेंच झाली होती. पण ती किंमत घालून पाहतां छेदच शून्य झाला! समीकरणास वस्तुतः उत्तरच नव्हतें. मुलगा गोंधळला, मला मात्र भास्कराचार्य आठवले.

आचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच पहिला भाग. एकाच्या छेदानें दुसऱ्याचे अंश व छेद दोन्ही गुणावे, हा समच्छेदाचा नियम तींत आहे. आणि छेदांस प्रथम परस्परांतील साधारण भाजकानें संक्षेप द्यावा, ही सोयहि सुज्ञ गणकासाठीं सांगितली आहे. आपल्या मुलांच्या लसाविचें मूळ रूप तें हेंच.

तेथील कमळांचें उदाहरण मोठें गोड आहे. राशीचा तृतीयांश शिवास, पंचमांश विष्णूस, षष्ठांश सूर्यास व चतुर्थांश देवीस वाहिला. उरलेलीं ६ कमळें गुरुचरणीं अर्पिलीं. तर एकूण कमळें किती? छेद ६० केला कीं अंश २०, १२, १० व १५ होतात. त्यांची बेरीज ५७; उरला विसावा भाग. तो ६, म्हणून राशि १२०.

इतक्या सावध गणितज्ञाच्या याच ग्रंथांत दुसरें एक उदाहरण आहे. एक संख्या शून्यानें गुणून, तींत तिचें अर्ध मिळवून, तिप्पट करून, पुन्हां शून्यानें भागिली असतां ६३ येतात. आचार्य उत्तर देतात १४. गुणणारें शून्य व भागणारें शून्य त्यांनीं परस्पर उडवून दिलें! आजच्या गणितास हें मान्य नाहीं; शून्यानें गुणिल्यावर मूळ संख्येची ओळखच राहत नाहीं. या गणिताचा ग्रहगणितांत मोठा उपयोग आहे असें ते म्हणतात, त्यावरून शून्याच्या अगदीं निकट जाणारी राशि त्यांच्या मनांत असावी, असें मला वाटतें. तथापि अभिमानापायीं हा दोष झांकण्याचें कारण नाहीं.

आपल्याच कोंकणकिनाऱ्यावरील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके १४६७ (इ. स. १५४५) मध्यें ‘बुद्धिविलासिनी’ ही लीलावतीवरील टीका लिहिली, तींत सूत्रांच्या उपपत्ति दिल्या. नियम पाठ करून न थांबतां तो कां खरा, हें विचारण्याची ती वाट होती.

त्या मुलाकडून मीं गुणाकारापूर्वीं एक ओळ लिहवून घेतली : क्ष ३ असतां कामा नये.