ओले फडके आणि उकळणारे पेट्रोल : घाटात थांबलेल्या पद्मिनीचा इतिहास

१/ मे महिन्यात जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट चढलेल्या पिढीला एक दृश्य आठवत असेल : कडेला उभी पद्मिनी, उघडे बॉनेट आणि इंजिनाच्या एका भागावर ओले फडके ठेवणारा चालक. रेडिएटरला पाणी हवे, हे समजते. पण फडके कशासाठी? या फडक्यामागे मोटारीच्या इतिहासातील एक जुने कोडे आहे. त्यावर हा थ्रेड.

२/ पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. त्यातील पेन्टेन ३६ अंश सेल्सियसलाच उकळते आणि उन्हाळ्यात बॉनेटखाली त्याहून कितीतरी अधिक उष्णता असते. नळीत वाफ धरली की पंप द्रव ढकलण्याऐवजी वाफच दाबत बसतो. कार्बोरेटर कोरडा पडतो आणि इंजिन बंद होते. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात.

३/ आरंभीच्या अनेक मोटारींत पंपच नव्हता. फोर्डच्या मॉडेल टी (१९०८-१९२७) मध्ये पेट्रोल टाकीतून स्वतःच्या वजनाने खाली उतरे. तिची अडचण निराळी होती. टाकीत पेट्रोल कमी असले की खड्या चढावर ते इंजिनापर्यंत पोहोचत नसे. म्हणून लोक गाडी चक्क रिव्हर्समध्ये चढवत!

४/ १९२० च्या दशकाअखेर इंजिनाच्या गतीवर चालणारा यांत्रिक पंप रुळू लागला. टाकी मागे ठेवूनही पेट्रोल पुढे आणता येऊ लागले. पण पंप तापलेल्या इंजिनालाच जोडलेला राहिला. शिवाय तो पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब घटतो आणि दाब घटला की उत्कलनबिंदूही खाली येतो. एका सोयीने दुसरे संकट जन्माला घातले.

५/ हाच पंप पुढे कुर्ल्यात बनणाऱ्या फियाट ११०० मध्ये, म्हणजे नंतरच्या प्रीमियर पद्मिनीत, आला. आपले मेकॅनिक त्याला ‘एसी पंप’ म्हणतात. आता घाटाचा विचार करा : पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापलेले इंजिन, गाडीचा वेग कमी म्हणून वारा कमी आणि सुमारे ६०० मीटर उंचीवर हवेचा दाबही जवळजवळ ७ टक्क्यांनी घटलेला. तिन्ही कारणे एकाच वळणावर भेटत.

६/ फडक्याचे शास्त्र आपल्या माठाचेच. पाण्याची वाफ होताना ते पंपाची उष्णता घेऊन जाते, आतली वाफ पुन्हा द्रव होते आणि गाडी सुरू होते. चालकांनी हे भौतिकशास्त्र पुस्तकात वाचले नव्हते. ते त्यांच्या हातात होते.

७/ जाणते मालक मात्र ही वेळच येऊ देत नसत. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या गरम पाइपापासून दूर ठेवणे, मध्ये पत्र्याचा आडोसा बसवणे, कार्बोरेटरखाली उष्णतारोधक जाड पॅकिंग घालणे, रेडिएटर स्वच्छ राखणे. चढण संपल्यावर लगेच इंजिन बंद न करणे हाही त्यातलाच नियम. कारण इंजिनासोबत पंखा आणि पाण्याचा प्रवाह थांबतो व बॉनेटखालची उष्णता काही काळ उलट वाढते.

८/ पुढे इंधनाचा पंप टाकीत गेला. तो पेट्रोल ओढत नाही, दाबाने पुढे ढकलतो. दाबाखालचे पेट्रोल सहज उकळत नाही. कोडे सुटले आणि फडके विस्मरणात गेले.

९/ पण जतन केलेल्या जुन्या गाड्यांसाठी प्रश्न संपलेला नाही. पेट्रोलमध्ये थोडे इथेनॉल मिसळले की मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो आणि जुन्या रबरी नळ्याही त्याने खराब होतात. तापलेल्या इंजिनावर गळणारी नळी म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून उन्हाळ्याआधी नळ्या तपासणे, इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवणे हे आता जतनाचेच काम आहे.

१०/ ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. गाड्या संग्रहालयात ठेवता येतील. फडके नेमके कुठे ठेवायचे, हे ज्ञान ठेवता येणार नाही. ते कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही. तुमच्या घरी, शेजारी जुने चालक असतील तर त्यांना आजच विचारा आणि त्यांचे शब्द लिहून ठेवा. उद्याच्या इतिहासकाराचे ते साधन आहे.