बिल्ला मिळाला, खड्डा तसाच!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या करंजाड्यात, सोसायटीच्या गेटसमोर, चांगला बादलीभर पाणी मावेल असा खड्डा पडला होता. एका ॲपवर फोटो टाकून तक्रार केली. मिनिटभरात मोबाइलवर चकचकीत बिल्ला आला: 'जागरूक नागरिक'. कॉलर ताठ! चार दिवसांनी तक्रारीवर 'निकाली' असा शेरा पडला. खड्डा मात्र जागच्या जागी :)

माझा धंदाच कोड लिहिण्याचा, त्यामुळे असा बिल्ला देणं किती सोपं असतं ते ठाऊक आहे. तक्रारी मोजा, आकडा गाठला की चित्र दाखवा. झालं! पण अशा बिल्ल्यांनी माणसं खरंच सार्वजनिक कामाला लागतात का? म्हटलं, जरा इतिहासात डोकावून बघू.

सन्मानाची हौस काही मोबाइलबरोबर आलेली नाही. इंग्रज सरकार रावबहादूर, रावसाहेब असे किताब वाटायचंच. जोतीराव फुल्यांचाही 1852 साली पुण्यात विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे शाल देऊन सत्कार झाला होता, शिक्षणकार्यासाठी. पुढे 1876 मध्ये ते पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले. तिथे त्यांनी व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर होणाऱ्या खर्चाला विरोध केला. आता सांगा, यासाठी सरकार शाल देईल? पण नागरिक म्हणून हेसुद्धा कामच होतं ना! 'महात्मा' ही पदवी त्यांना मिळाली ती 11 मे 1888 रोजी, मुंबईत, लोकांकडून. शाल आज किती जणांच्या लक्षात आहे? पदवी सगळ्यांच्या आहे.

हाच फरक ऑनलाइन जगातही दिसतो. विकिपीडियावर 2003 च्या डिसेंबरात 'बार्नस्टार' सुरू झाला. एखाद्याचं काम आवडलं की दुसऱ्या कुणीही संपादकाने त्याच्या चर्चापानावर जाऊन तारा चिकटवायचा. पैसे नाहीत, अधिकार नाहीत. त्याच वर्षी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरही पुढे ही प्रथा आली. 2012 साली दोन संशोधकांनी एक गंमतशीर प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी विकिपीडियाच्या सर्वांत कष्टाळू संपादकांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तारे दिले, काहींना नाही. पुढच्या 90 दिवसांत तारेवाल्यांचं काम सुमारे 60 टक्क्यांनी जास्त भरलं. कुणीतरी आपलं काम पाहिलं, एवढंच पुरलं!

उलट, ठरावीक आकडा गाठला की आपोआप मिळणारे बिल्ले घ्या. स्टॅक ओव्हरफ्लोवरच्या 2013 च्या अभ्यासात दिसलं की बिल्ला जवळ आला की माणसं जोर लावतात आणि मिळाला की तो जोर ओसरतो. आपल्याकडे 2016 पासून स्वच्छ सर्वेक्षण सुरू झालं. पुढे त्यात स्वच्छता ॲप किती नागरिकांनी घेतलं यालाही गुण होते. आता मार्क डाउनलोडला असतील तर शहरं आधी झाडू शोधतील की डाउनलोड?

बक्षीस वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. 2000 साली आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं आणि गावंच्या गावं झाडू घेऊन उतरली. तिथे समिती स्वतः गावात येऊन गटारं बघायची. किती जणांनी अर्ज भरला एवढंच मोजलं असतं, तर गावं कशाला झाडली असती?

म्हणून वाटतं, बिल्ला जरूर द्यावा, पण तक्रार टाकली म्हणून नको. खड्डा बुजला, आणि तो बुजल्याचं शेजारच्या चार जणांनी सांगितलं, की मग द्यावा. आणि लिटनच्या खर्चाला विरोध करणाऱ्यासाठीही त्यात जागा असावी. ती जागा देणारं कार्यालय कदाचित नसेल. शेजारी असू शकतात.

असो. आमचा खड्डा शेवटी समोरच्या दुकानदाराने दोन पाट्या खडी टाकून बुजवला. त्याला कुठलाच बिल्ला मिळाला नाही. मी आपला जाऊन "काका, थँक्यू" म्हणून आलो. ते खूश झाले. आणि परवा बघतो तर पुढचाही खड्डा बुजवलेला!