लाट आली, निरोप आला नाही

मिठबावच्या माणसाला समुद्र शिकवावा, असे माझ्यापाशी काही नाही. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, अष्टमीचा भांग, पावसाळ्यातले तुफान, हे सारे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. पण एक लाट अशी आहे की, तिला तिथी लागत नाही आणि वाराही लागत नाही. तिला जग आज त्सुनामी म्हणते.

२८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास आपल्याच अरबी समुद्राच्या उत्तर टोकाला, मकरान किनाऱ्यावरील पस्नीजवळ मोठा भूकंप झाला. त्याची तीव्रता ८.१ होती. तेथे समुद्राचा तळ उत्तरेकडील भूभागाखाली सरकत असतो. वर्षानुवर्षे साचलेला ताण त्या पहाटे सुटला. तळ एकाएकी हलला आणि त्याबरोबर वरचे सारे पाणीही हलले.

वाऱ्याची लाट समुद्राचा केवळ वरचा थर हलविते. ही लाट तळापासून सारे पाणी हलविते. तीन हजार मीटर खोल पाण्यात तिचा वेग ताशी सुमारे ६०० किलोमीटर असतो, आणि तरीही तेथील गलबताला तिची चाहूल लागत नाही. दहा मीटर पाण्यात हाच वेग ताशी ३६ किलोमीटरवर येतो. पुढचे पाणी अडखळते, मागचे त्यावर चढते आणि लाट उंचावते. फुटून लगेच परतणारी लाट ती नव्हे. कित्येक मिनिटे आत शिरत राहणारा तो लोंढा असतो. होड्या, ओंडके, पडक्या भिंती घेऊन तो घरांवर आदळतो आणि परतताना माणसे ओढून नेतो.

मुंबईस ती लाट सकाळी सव्वाआठच्या सुमारास पोहोचली. तेथेही माणसे वाहून गेली. खाली कारवारपर्यंत ती जाणवल्याची नोंद आहे, आणि मिठबाव या दोहोंच्या मध्ये आहे. भूकंपापासून मुंबईपर्यंत जवळजवळ पाच तास गेले. त्या काळी तारयंत्र होते, रेडिओ होता. पण अशा लाटेचा निरोप पाठविणे हे कोणाचेच काम नव्हते. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळून निघालेल्या लाटेच्या वेळीही तेच घडले. भारतात दहा हजारांहून अधिक माणसे गेली. त्यानंतर २००७ साली हैदराबादेस सूचना केंद्र उभे राहिले.

आता निरोप निघतो. पण शेवटची वाट आपल्यालाच चालावयाची आहे. ओहोटीची वेळ नसता पाणी दूर हटले, तर उघड्या वाळूवर मासळी वेचावयास जाऊ नये; थेट सड्यावर चढावे. खोल समुद्रातल्या होडीने घाईने खाडीत शिरू नये. आणि पहिली लाट ओसरली म्हणून खाली उतरू नये. पस्नीस मोठी लाट भूकंपानंतर दीड-दोन तासांनी आली होती.

१९४५ साली वेळ होता, निरोप नव्हता. पुढच्या खेपेस निरोप असेल. तो ऐकून उठणारी माणसे मात्र आपणच असावयास हवीत.